आधी वनितानं खाल्ली

मायबाप मंडळींनो, गावातल्या भावांनो, बायांनो, आणि समोर भिंतीला टेकून बसलेले वनिताचे मालक माधवभाऊ, तिची लेक सोनल बेटा,

धानाच्या रोवणीचे दिवस आहेत. चिखलातून पाय काढून तुम्ही इथे समाजमंदिरात येऊन बसलात. कोणाच्या साडीच्या काठाला अजून गारा लागलेला दिसतो आहे. वनितासाठी तुम्ही आलात, म्हणून आधी तुम्हा सगळ्यांना हात जोडते.

मला बोलायची सवय नाही. भजनाला उभी राहिले की माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो, कारण तिथे शब्द माझे नसतात. आज माझेच शब्द लागणार. म्हणून लिहून आणलं आहे. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिलं आहे. वनिता असती तर म्हणाली असती, "शकुनबाई, मी मेल्यावर तरी कोरा कागद घ्यायचा होता वं!"

हसा. हसलं तर चालते. ती हसणारीच होती.

वाचताना मी मध्येच थांबले तर तुम्हीही थांबा. कोणी "बसा आता बाई" असं म्हणू नका. मला पुरतं बोलायचं आहे.

वनिता आपल्या गावची आशाताई. कोणी तिला गोळीवाली बाई म्हणायचं. गर्भार बाईचं नाव लिहिणं, तिला तपासणीला नेणं, बाळंतपणाला सोबत जाणं, रक्तवाढीच्या गोळ्या वाटणं, हे तिचं काम. तिच्या आणि माझ्या घरामध्ये तुराट्यांचं कुंपण आहे. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गल्लीत आलो. त्या कुंपणाला आम्ही दोघींनी मिळून एक खिंडार पाडलं होतं. सासवांना वाटायचं, डुकरांनी पाडलं. रोज दुपारी भांडी झाली की तिथून आवाज यायचा, "शकुनबाई, हायेस का वं?" मी कुठे जाणार होते? पण ती रोज विचारायची. आणि मी रोज सांगायची, "हाय."

तिला जाऊन चौदा दिवस झाले. दुपारी भांडी होतात. मी कुंपणाजवळ जाते, काही कारण नसताना. तुराटीवर तिचं पोतेरं अजून वाळत आहे. मला कोणी विचारत नाही, मी आहे का.

थांबते थोडं.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. परवा नवीन आशाताई घरोघरी फिरली. बिचारी नवी पोट्टी आहे. सकाळी पिशवी भरून निघाली आणि संध्याकाळी पिशवी जशीच्या तशी घेऊन परत आली. एकाही बाईनं गोळी घेतली नाही. बोअरिंगवर पाणी भरताना मी माझ्या कानांनी ऐकलं.

एक म्हणाली, "वनिताबाई गोळ्यायनंच मेली."

दुसरी म्हणाली, "मेंदूत लोखंड भरलं होतं म्हनते तिच्या. दवाखान्यातल्या फोटोत दिसलं."

तिसरी म्हणाली, "मंग आपुन काऊन खायच्या?"

त्या तिघीही इथे बसल्या आहेत. मी नाव घेत नाही. माझा रागही नाही, कारण चौथी माझ्याच घरात आहे. माझी सून करिष्मा. सातवा महिना चालू आहे. रक्त आठ आहे. वनिता गेली त्या दिवसापासून तिनं गोळी बंद केली. तिला विचारूनच मी हे इथे सांगत आहे. म्हणाली, "सांगा आई. पन मी खाईन असं नोका सांगू."

तर बायांनो, वनिताच्या मेंदूत लोखंड साचलं होतं, हे खरं आहे. ती गोळ्या खायची, हेही खरं आहे. या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये काय आहे, ते तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण नागपूरच्या दवाखान्यात तिच्यासोबत मी होते. आणि पहिली गोळी तिला मी खाऊ घातली होती.

माझ्या धाकटीच्या वेळची गोष्ट आहे. मला पाचवा महिना. रक्त कमी निघालं. वनितानं लाल गोळ्यांची पाकिटं आणून दिली. "रोज एक, जेवन झाल्यावर." मी हो म्हटलं आणि एकही खाल्ली नाही. माझ्या सासूबाई म्हणायच्या, या गोळ्यांनी लेकरू पोटात मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. तोंडाला गंजल्यासारखी चव येते, संडास काळी होते, हे तर सगळ्याच बाया सांगायच्या. पण फेकायला माझा जीव होईना. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी तांदूळ धुतलेलं पाणीही वाया जाऊ देत नाही. मग मी डोकं चालवलं. लोखंड आहे, माणसाला लागतं तर झाडालाही लागेल. घरामागच्या सांदवाडीतल्या माझ्या निंबूच्या झाडाची पानं पिवळी पडत होती. रोज जेवण झालं की मी तिथे जायची, काडीनं माती उकरायची आणि एक गोळी त्याच्या बुडाशी पुरायची. रिकामं पाकीट जपून ठेवायची. वनिता आली की दाखवायची. ती वहीत खूण करायची, म्हणायची, "शकुनबाईसारखी बाई नाई गावात!"

दोन महिने असं चाललं. एक दिवस तिची कोंबडी खिंडारातून माझ्याकडे आली आणि निंबूखाली उकरू लागली. वनिता तिच्यामागे आली. खाली पाहते तर मातीत लालच लाल. काही विरघळलेल्या, काही तशाच. मी दारात उभी. आता ही ओरडेल, गावभर सांगेल.

ती खाली बसली आणि हसायला लागली. पोट धरून हसली. मला म्हणाली, "काय वं शकुनबाई, तुह्या निंबाले कितवा महिना लागला?"

मला लाज वाटली, आणि लाजेचा राग झाला. मी म्हटलं, "दात काऊन काढतेस? तुले लय भरोसा हाये ना या गोळ्यायवर? तं तू खाऊन दाखव आधी. मंग मी खातो."

तिनं पिशवीतून पाकीट काढलं, गोळी तोंडात टाकली, माझ्याच गुंडातलं पाणी घेतलं आणि गिळली. मग लहान पोरासारखा आ करून जीभ दाखवली. "गेली पोटात. आता तू."

मी खाल्ली. त्या दिवसापासून रोज खाल्ली. धाकटी नीट झाली, बाळंतपण अडलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी आज उभी राहिले नसते. पण मीच बोअरिंगवर हसत हसत सांगितली. निंबूचा भाग लपवला आणि वनितानं खाऊन दाखवल्याचा भाग सांगितला. त्यावर आपली तान्हाबाई म्हणाली, "शकुनसमोर खाते, मंग आमच्यासमोर खाले का झालं?" आठवतं ना तान्हाबाई? मान खाली घालू नका. तुम्ही बोललात, पण शिकवलं मी.

मग तीच पद्धत पडली. दारात आशाताई आली की सासवा म्हणायच्या, "तू खा आधी." नवी सून घाबरली की म्हणायची, "ताई, तुमी खा आधी." आणि वनिता खायची. एका दिवसात तीन खायची, चार खायची. आ करून दाखवायची. पोरं टाळ्या वाजवायची. आपल्या गावात आज गोळ्या खाऊन बाळंत झालेल्या किती बाया बसल्या आहेत, जरा आजूबाजूला पाहा. प्रत्येकीच्या आधी एक गोळी वनितानं खाल्ली आहे.

पण तिच्या स्वतःच्या अंगात रक्त नव्हतं. नर्सबाई तपासायच्या, दरवेळी नऊच्या आसपास. तिला सांगायच्या, "वनिता, तू स्वतः नीट घेत नाहीस." घेत नाहीस! ती दुसऱ्यांसाठी खायची ती वेगळी आणि घरी रोजची खायची ती वेगळी. लोखंडी कढईत भाजी करायची. गूळ-शेंगदाणे खायची. रक्त काही वर चढत नव्हतं. आणि आपण काय म्हणायचो? "गोळ्या वाटते आन तिच्याच तोंडावर रक्त नाई." मी हे चेष्टेत म्हटलं आहे. तिनं ते मनावर घेतलं. तिला लाज वाटायची. म्हणून ती कोणाला न सांगता आणखी खायची.

पुढे तिला साखर झाली. अंगानं काटकुळी बाई, गोड खाण्याची आवड नाही, साखर कुठून आली? कोणाला कळलं नाही. मग हात थरथरू लागले. चालताना झोक जायचा. मान आपोआप एका बाजूला वळायची आणि तोंड वेडंवाकडं व्हायचं. देवीच्या आरतीला असंच झालं तेव्हा बायांनी हात जोडले. मीही जोडले. कबूल करते. मी पुढे होऊन तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि धाकटीच्या परीक्षेचं विचारलं. ती कशीबशी म्हणाली, "शकुनबाई, देवी नाई वं. मान दुखून राह्यली."

नंतर ती विसरू लागली. जिला गावातल्या प्रत्येक घरातला प्रत्येक महिना पाठ होता, ती एक दिवस खिंडारात उभी राहून मला विचारते, "तू कोनाकडची वं?" तेव्हा माधवभाऊंनी आणि मी ठरवलं की आता नागपूरला न्यायचं.

मॅट्रिक झालेली म्हणून कागद माझ्याकडे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या चार-पाच तपासण्या केल्या, डोक्याचा आणि पोटाचा फोटो काढला. मग आम्हाला समोर बसवलं. म्हणाल्या, "रक्तात लोह कमी आहे. पण यकृतात, मेंदूत खूप आहे. जिथे नको तिथे साचलं आहे." मला काही समजेना. एकाच अंगात कमीही आणि जास्तही कसं?

त्यांनी माधवभाऊंना विचारलं, "तुम्ही काय करता?"

"लाकडाच्या डेपोवर चौकीदार हावो जी."

"मग सांगा, तुमच्या डेपोतून लाकूड बाहेर कसं जातं?"

माधवभाऊंचा चेहरा तेवढ्यापुरता उजळला. त्यांच्या कामाचं कोणी विचारलं होतं. "हातोड्याचा शिक्का बसल्याबिगर नाई जात जी. शिक्का बसला की परवाना. मंग टरकवाला भरते."

"आणि शिक्का मारणाराच नसला तर?"

"मंग माल पडून राह्यते. थप्प्यावर थप्प्या. उधई लागते, पोखरते, सडते."

"आणि गावात?"

"गावात घराले लाकूडफाटा भेटत नाई."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तसंच झालं आहे. लोह शरीराच्या कोठारातून बाहेर पडताना त्याचं रूप थोडं बदलावं लागतं, तेव्हाच रक्तातली गाडी त्याला बसवून घेते. ते रूप बदलून देणारं एक प्रथिन रक्तात असतं. त्यात तांबं असतं. तांबं आहे म्हणूनच ते हे काम करू शकतं. सेरुलोप्लाझ्मिन म्हणतात त्याला. वनिताताईंच्या रक्तात ते नाहीच. जन्मापासून नाही."

ते नाव मी अक्षर अक्षर विचारून लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, वेगळं काढलं तर ते निळं दिसतं. निळं म्हटल्यावर मला माझ्या देवघरातला देव आठवला. मी मनात त्याला विचारलं, देवा, सगळ्यांच्या रक्तात तू ही निळी वस्तू घातलीस, आणि हिच्याच वेळेला कसा विसरलास? अजून विचारते. रोज फूल वाहते आणि रोज विचारते. भांडण संपलेलं नाही.

हे कशानं होतं? तिच्या आईवडिलांचं लग्न मामा-आत्याच्या घरातलंच होतं. दोघांच्याही अंगात एकेक दोष झाकलेला होता. त्यांना स्वतःला काही त्रास झाला नाही. वनिताला दोन्हीकडून तोच मिळाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांच्या सगळ्या नोकरीत असा हा दुसराच रोगी. नुसतं रक्त तपासलं तर कमीच दिसतं, त्यामुळे कोणीही गोळीच देईल. नर्सबाईंची चूक नाही. कोणाचीच नाही. वनिताच्या धाकट्या भावाचीही तपासणी झाली. त्याच्यातही तेच निघालं. पण अंग धड असताना कळलं. त्याला औषध सुरू झालं आहे. तो आज इथे आला आहे, स्वतःच्या पायांनी चालत.

वनितालाही लोह ओढून काढणारं औषध सुरू केलं. गोळ्या त्याच दिवशी बंद. पण मेंदूतलं निघत नव्हतं.

मी मात्र तांब्याचं ऐकून आले होते. मला वाटलं, तांबं नाही ना, मग तांबं देऊ. माझ्या माहेरचा तांब्याचा गडवा चिंचेनं घासला, त्यात पाणी भरून ठेवायची आणि सकाळी खिंडारातून नेऊन तिला पाजायची. महिनाभर पाजलं. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, तांबं कमी नाही. ज्यात ते बसवायचं ती वस्तूच शरीर बनवत नाही. गवंडीच नाही, तुम्ही विटा नेऊन टाकता." बसमध्ये मी वनिताला म्हटलं, उद्यापासून नाही आणत. तिला तेव्हा बोलायला वेळ लागायचा. ती म्हणाली, "आन ना वं. तू... सकाळी सकाळी... येतेस."

म्हणून नेत राहिले. औषध म्हणून नाही.

त्याच खेपेला दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर आम्ही दोघीच बसलो होतो. माधवभाऊ कागदांवर सही आणायला गेले होते. मी तिला म्हटलं, "वनिता, तुले पहिली गोळी मी खाऊ घातली. मले माफ कर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आज ओळखतच नाही. मग एकेक शब्द काढला. "मंग... तू बी... खाल्ली ना?"

"खाल्ली."

"मंग... झालं." थोडा श्वास घेतला. ओठ वाकडे झाले, ते हसू होतं. "नाई तं... निंबाचं... बारसं... करा लागलं असतं."

पंधरा-सोळा वर्षं झाली होती त्या गोष्टीला. कोणाचं नाव तिला आठवत नव्हतं, पण एवढं आठवलं.

आत गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "गोळ्यांनी झालं का?" त्यांनी मला खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, "गोळ्या नसत्या घेतल्या तरी लोह साचलंच असतं. जेवणातलं साचलं असतं. गोळ्यांनी भर पडली." मी विचारलं, "किती?" त्या म्हणाल्या, "ते कोणीच सांगू शकणार नाही." मी हिशेब ठेवणारी बाई आहे. मला आकडा लागतो. हा आकडा मला कधी मिळणार नाही. तो घेऊन जगायचं आहे, ते मी जगीन. ते माझं आहे, तुमचं नाही. तुम्ही त्यापायी गोळ्या सोडू नका.

बायांनो, नीट ऐका. गोळी वाईट नाही. वनिताच्या अंगात जे नव्हतं, ते तुमच्या अंगात आहे. तुम्ही गोळी खाता, तुमचं रक्त वाढतं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि ज्या बाईनं महिनोन् महिने गोळ्या नीट खाल्ल्या आणि तरी रक्त वाढलं नाही, तिनं वनितासारखं लाजून गप्प राहू नये, आपल्या मनानं आणखी खाऊ नये. मोठ्या दवाखान्यात जाऊन विचारावं, का वाढत नाही. सिकलसेल असेल, दुसरं काही असेल. विचारायला लाज कसली? वनितानं कोणाला विचारलं नाही, कारण आपण तिला हसत होतो.

शेवटच्या दोन महिन्यांत तिला घास गिळता येईना. पाणीही ठसका लागून बाहेर यायचं. मी चमच्यानं पेज द्यायची, ती तोंडात धरून ठेवायची आणि डोळ्यांनी माझ्याकडे पाहायची. आपल्या सगळ्यांसमोर गिळून दाखवणारी बाई. छातीत कफ झाला, गडचिरोलीला नेलं, आणि चौथ्या दिवशी ती गेली. सोनल, तुझ्या आईचा हात तेव्हा माझ्या हातात होता. ती एकटी नव्हती. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

आता आजची गोष्ट सांगते, ती कागदावर नाही, आणि संपवते.

आज सकाळी जेवण झाल्यावर मी करिष्मासमोर गोळी ठेवली. ती म्हणाली, "आई, तुमी खा आधी."

गावातल्या प्रत्येक दारात विचारलेला तो प्रश्न आज माझ्या चुलीजवळ आला. माझा हात पुढे गेला होता. खरं सांगते, गोळी मी उचलली होती. खाल्ली असती तर मला काही झालं नसतं. मनाला तेवढंच बरं वाटलं असतं, वनितासाठी काही केलं असं वाटलं असतं. पण मी ती परत तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, "नाई बेटा. एका बाईनं आमाले भरोसा यावा म्हनून आयुष्यभर आपलं आंग पुढं केलं. आता या गावात कोनाच्या भरोशासाठी कोनी काई खानार नाई. मी बी नाई. तुले शंका असल तं विचार. मी डॉक्टरकडे येतो, नर्सबाईकडे येतो, लागलं तं नागपूरले येतो. पन गिळायचं तुलेच हाये."

ती रागावली. "मंग राहू द्या," म्हणाली आणि उठून आत गेली.

मला वनिता हवी होती. बायांनो, मला ती इतकी हवी होती! तिनं एक चेष्टा केली असती आणि करिष्मा हसली असती. मला तसं जमत नाही. मला फक्त खरं सांगता येतं, आणि ते मी आज सांगितलं. निंबूचंही सांगितलं, जे इतकी वर्षं लपवलं होतं. नव्या आशाताईला एवढंच सांगते, पोरी, उद्या कोणी तुला म्हणालं की तू खा आधी, तर खाऊ नको. त्या बाईला माझ्याकडे पाठव.

आता आपण उभं राहू. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी बसून राहावं, पोटुशा बायांनी तर बसूनच. दोन मिनिटं वनितासाठी शांत राहायचं आहे. माझी एक विनंती आहे. सगळ्यांनी डोळे मिटा. अगदी घट्ट मिटा. पोरांनी पण. कोणी कोणाकडे पाहायचं नाही.

खाली बसलेल्या कोणाच्या पदराच्या टोकाला सकाळची गोळी बांधलेली असेल. घरून निघताना मी ती गाठ पाहिली आहे. मी नाव घेत नाही. दारापाशी पाण्याचा माठ आहे, वर पेला आहे. पेल्याचा आवाज झाला तरी मी वळून पाहणार नाही. कोणीच पाहणार नाही. तोंड उघडून कोणाला दाखवायचं नाही. घरी गेल्यावर मी विचारणारही नाही.

वनिता, माझ्या माय, तुला माझा नमस्कार.

मिटा डोळे.